ऑइल प्रेशर ओबीडीतून येतच नाही

ओबीडीला (गाडीच्या तपासणी सॉकेटला) जोडलेल्या डिजिटल मीटरबद्दल विचारलंत: आरपीएम, कूलंटचं तापमान दिसतंय आणि ऑइल प्रेशर तेवढं शून्य, म्हणजे मीटर खराब नाही. ओबीडीच्या प्रमाणित यादीत ऑइल प्रेशर नाहीच. मीटरसोबतचा सेंडर (प्रेशर मोजणारा सेन्सर) इंजिन ब्लॉकवर बसवा. एका वायरचा असेल तर आट्यांवर टेफ्लॉन टेप जाड गुंडाळू नका, अर्थिंग तुटतं आणि आकडा भलताच येतो.

मीटरची स्क्रीन मधूनच गोठते त्याबद्दल: बॅटरी काढून ओबीडीच्या ६ आणि १४ नंबर पिनमध्ये (डेटाच्या दोन तारा) मल्टिमीटर लावा. ६० ओहमच्या आसपास हवं. १२० आलं तर एका टोकाचं टर्मिनेशन (तारांच्या टोकाला असलेला रेझिस्टर) गायब आहे.

डिझेलची पातळी दिसण्यासाठी टाकीतल्या जुन्या फ्लोटचा रेझिस्टन्स रिकाम्या आणि भरलेल्या टाकीवर मोजून तोच सेटिंगमध्ये भरा. आणि सोलापूरच्या मे महिन्यात डबल टेप टिकत नाही, डिस्प्लेला स्क्रूच मारा.