केनियातल्या मोंबासाच्या बायकांना आमच्या चर्चच्या मंडळीने पैसे पाठवावेत का? देणगी म्हणून की कर्ज म्हणून?

शरणपूरची मावशी

नमस्कार. जरा लांबलचक लिहिते, कारण मागचं सांगितल्याशिवाय माझी अडचण कळायची नाही.

माझी भाची मोंबासाला नर्स आहे. ती राहते त्या किसाउनी भागाला लागून फ्रेअरटाउन म्हणून जुनी वस्ती आहे. आमच्या नाशिकच्या शरणपूरच्या जुन्या घरांतून हे नाव ऐकलेलं असतं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं एकोणिसाव्या शतकात इथे शरणपूरला मिशनच्या आश्रमात वाढली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. आफ्रिकेत फिरलेले मिशनरी डॉ. लिव्हिंगस्टन यांच्या पार्थिवासोबत 1874 साली इंग्लंडपर्यंत गेलेला जेकब वेनराइट त्यातलाच. पुढच्याच वर्षी फ्रेअरटाउन वसलं आणि नाशिकला शिकलेली काही माणसं तिकडे राहायला गेली. त्यामुळे भाचीचा फोन आला की आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका आपल्याच माहेरची खबर ऐकावी तशा ऐकतात.

तिथल्या चर्चमधल्या 22 बायकांना धंद्याचं शिक्षण आणि छोटी कर्जं द्यायचं तिथल्या पाळकांच्या मनात आहे. कुणी पहाटे मांदाझी तळते (आपल्या गोड पुरीच्या जवळचा प्रकार) आणि नारळाच्या दुधात शिजवलेल्या तुरीबरोबर विकते, कुणी कोळसा विकते, कुणी जुने कपडे. आमच्या महिला मंडळाकडे हंगामाच्या सणाच्या (चर्चमधला सुगीचा सण) लिलावातून आणि वर्षभराच्या वर्गणीतून 64,000 रुपये जमलेत. सगळ्या म्हणतात पाठवून देऊ. मीच अडवून धरलंय.

कारण सांगते. 2014 साली मी दुसऱ्या एका मंडळीत होते, नाव घेत नाही. तिथे बाहेरून आलेल्या पैशातून बायकांना पाच-पाच हजारांची कर्जं दिली. वही माझ्याकडे. हप्ता रविवारी उपासना झाल्यावर त्याच सभागृहात गोळा व्हायचा, आणि बाकी असलेल्यांची नावं मोठ्याने वाचली जायची. ब्लाउज शिवणारी एक बाई होती, नवरा आजारी पडला आणि तिचे 3,200 रुपये राहिले. एका रविवारी आशीर्वाद होताच ती शेवटच्या बाकावरून उठली. पदर तोंडाला लावलेला होता. त्यानंतर ती उपासनेला आलीच नाही. पैसे आम्ही सोडून दिले असते, पण ते तिच्या घरी जाऊन सांगायला आम्हाला चार महिने लागले, आणि तोवर ती भावाकडे निघून गेली होती. त्या वहीत तिच्या नावापुढे लाल शाईने 'थकीत' लिहिलंय, ते अक्षर माझं आहे.

हजार रुपये बुडाले तर बाई पुन्हा कमावते. देवाच्या घरी यायची लाज वाटायला लागली तर तिने जायचं कुठे? म्हणून विचारते. आफ्रिकेत चर्चच्या आधाराने हे काम करतात ते कर्ज आणि उपासना वेगळी कशी ठेवतात? आम्ही पैसे द्यावेत तर कुठल्या रूपात?

इगतपुरी ते किसुमू

मावशी, मी केनिया आणि युगांडात मिळून आठ वर्षं अशा गटांचे हिशेब तपासले. तुमची भीती खरी आहे. उत्तर बरंचसं पेटीत आहे.

तिकडे सगळ्यात रुजलेली पद्धत 1991 साली नायजर देशात केअर या मदत संस्थेने सुरू केली. 15 ते 25 बायका, लोखंडी पेटी, तिला तीन कुलपं आणि किल्ल्या तीन वेगवेगळ्या बायकांकडे. पेटी सांभाळणारी चौथीच. दर सभेला प्रत्येकीने एक ते पाच 'हिस्से' घ्यायचे. हिश्श्याची किंमत गटच ठरवतो, आणि जितके हिस्से तितके शिक्के पासबुकात. जिला लिहिता-वाचता येत नाही तीही आपले शिक्के मोजते. पैसे सगळ्यांसमोर भांड्यात मोजतात. सभा संपताना शिल्लक किती ते सगळ्यांनी लक्षात ठेवायचं आणि पुढच्या सभेत पेटी उघडायच्या आधी सांगायचं. केनियात किसुमूजवळच्या एका गटात साठीची आजी एकही शिलिंग न चुकता आकडा सांगायची. माझ्या कागदावरचा आकडा दोनदा चुकीचा निघाला, तिचा कधीच नाही.

कर्ज स्वतःच्या हिश्श्यांच्या तिपटीपर्यंत. व्याज महिन्याला 5 ते 10 टक्के असतं. ऐकायला जबर वाटतं, पण ते पेटीतच राहतं आणि नऊ-बारा महिन्यांनी सगळा पैसा हिश्श्यांप्रमाणे वाटून पेटी रिकामी करतात. मग नवी फेरी. याशिवाय एक वेगळा मदत निधी असतो, आजारपण-मयतीसाठी. तुमच्या त्या ब्लाउजवाल्या ताईंना त्यातून आधी मदत मिळाली असती, हप्त्याचं नंतर बघितलं असतं.

आता चर्चचं. अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या) मंडळींत 1998 च्या लँबेथ परिषदेनंतर, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेनंतर, फाइव्ह टॅलेंट्स ही संस्था निघाली, नाव बायबलातल्या मत्तयाच्या 25 व्या अध्यायातल्या दाखल्यावरून. होप इंटरनॅशनलही स्थानिक चर्चमार्फत बचत गट चालवते. प्रार्थनेने सभा सुरू होते, एकमेकींवर विश्वास आधीपासून असतो, आणि हे बळ मोठं आहे. पण मी पाहिलं तिथे पाळकच अध्यक्ष झाले की गट बिघडला. बाईला 'नाही' म्हणता येत नाही, आणि पाळकांच्या नातलगाचं कर्ज थकलं तर कुणी तोंड उघडत नाही. पाळकांनी प्रार्थना करावी, किल्ली घेऊ नये. आणि सभा रविवारी नको, चर्चच्या आवारात तर नकोच.

एक गोष्ट तुम्हाला आवडेल. इथिओपियात अदामा (जुनं नाव नाझरेत) इथे काले हेयवेत चर्चने 2002 साली बायकांचे गट सुरू केले, ते आपल्या भारतातल्या बचत गटांवरून. तेव्हा नाशिकहून फक्त पैसेच पाठवता येतात असं नाही.

सिन्नरची सीआरपी

मावशी, तिकडचं मला माहीत नाही, पण सीआरपी म्हणून (बचत गटांची गावपातळीवरची कार्यकर्ती) गावोगाव गट बसवतेय त्यावरून सांगते. बाहेरचा पैसा आधी आला की गट पैशासाठी जमतो आणि पैसा संपला की उठतो. आम्ही निदान सहा महिने बायकांची स्वतःची बचत, स्वतःचंच अंतर्गत कर्ज, शेकडा दोन रुपयांनी, असं चालू देतो. बँकेचं त्याच्यानंतर. हप्ता चुकला तर कारण गटातच विचारायचं, बाहेर नाव जाऊ द्यायचं नाही, हा नियम पहिल्या सभेत ठरावात लिहून घ्या. नंतर लिहायला कुणाची हिंमत होत नाही.

आणि शिक्षण म्हणजे फळ्यावर नफा-तोटा शिकवणं नव्हे हो. माझ्याकडे पापड करणारी एक ताई होती, दोन वर्षं धंदा, हातात काही उरेना. घरी गेले तर घरचं पीठ आणि पापडाचं पीठ एकाच डब्यात! दोन डबे केले. पंधरा दिवसांत तिला कळलं की निम्मं पीठ घरच्यांच्या पोटात जातंय. वाईट काही नाही त्यात, पण तिला माहीत हवं ना. तुमच्या मांदाझीवाल्या ताईला विचारा, पीठ-तेल-कोळसा धरून एक मांदाझी तिला केवढ्याला पडते. सांगता आलं नाही तर कर्ज थांबवा, डबे द्या.

इगतपुरी ते किसुमू

सिन्नरच्या ताईंना जोडून. टोगोमध्ये लोमे शहरात 1,500 छोट्या धंदेवाल्यांवर प्रयोग झाला, 2017 साली सायन्स नियतकालिकात आला. नेहमीचं हिशेब-विक्रीचं प्रशिक्षण घेतलेल्यांचा नफा सुमारे 11 टक्क्यांनी वाढलेला दिसला, पण तो योगायोगही असू शकतो इतपतच. स्वतः पुढाकार घ्यायला, अडचण आधी ओळखायला शिकवलं त्यांचा 30 टक्क्यांनी वाढला. त्यात बायकाही होत्या.

जमाखर्च

पैसे पाठवणारच असाल तर एवढं बघा. एफसीआरए हा परदेशी देणग्यांचा कायदा परदेशातून *येणाऱ्या* पैशासाठी आहे, तो इथे लागू नाही. पण ट्रस्टला रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस (परदेशी पैसे पाठवायच्या) योजनेतून पैसे पाठवता येत नाहीत, ती सोय व्यक्तींना आहे (वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत, देणगीही त्यात येते). शिवाय धर्मादाय ट्रस्टने भारताबाहेर खर्च केला तर आयकराच्या सवलतीचा प्रश्न येतो. महिला मंडळाचे पैसे मंडळीच्या ट्रस्टच्या खात्यात असतील तर सीएला विचारल्याशिवाय हलवू नका.

शरणपूरची मावशी

सगळ्यांचे मनापासून आभार. पैसे ट्रस्टच्याच खात्यात आहेत, त्यामुळे सोमवारी सीएंकडे जातेय.

काल रात्री भाचीशी बोलले. त्या 22 पैकी 17 जणींची आपापसात आधीपासूनच भिशी आहे, तिकडे तिला मेरी-गो-राउंड म्हणतात. दर आठवड्याला एकीला सगळी रक्कम. पाळकांना हे ठाऊकच नव्हतं! मी म्हटलं, मग पेटी त्या भिशीवरच बसवा, नवा गट काढू नका. मांदाझीवालीला तिने विचारलं तर ती म्हणाली, तेल उधारीवर येतं त्यामुळे त्याचा भाव तिला महिनाअखेरीसच कळतो. तिच्यापुरतं बघायचं तर महिन्याचं तेल रोखीने घेता आलं तरी पुष्कळ होईल.

आमच्या बैठकीत मी असं मांडणार आहे: पहिली फेरी त्यांच्याच पैशावर. आमच्याकडून पेटी, तीन कुलपं, पासबुकं, शिक्का आणि मदत निधीत एकदाच थोडी भर, ती देणगी म्हणून, परत मागायची नाही. कर्जासाठी एक रुपयाही नाही. थकबाकीचं नाव गटाबाहेर न्यायचं नाही, हे पहिल्या ठरावात. काहीजणी नाराज होतील, 64,000 जमवलेत आणि कुलपं काय पाठवायची म्हणून. होऊ देत.

किसुमूच्या दादांना एक विनंती. सभेचे नियम आणि पासबुकाचा नमुना स्वाहिलीत तुमच्याकडे असेल तर इथे टाकाल का? भाची इंग्रजीतून समजावते, पण कोळसेवाली आजी फक्त स्वाहिली बोलते आणि एक किल्ली तिच्याकडेच द्यायचं बायकांनी ठरवलंय.