मदत हवी आहे : 'युटिलिटी'ला कुठे कोणता मराठी शब्द वापरावा?

नमस्कार.

मी लातूर जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. आमच्या गावातून जाणाऱ्या रस्त्याचे रुंदीकरण चालू असून, त्या कामाच्या सूचना आणि नागरिकांसाठीचे पत्रक यांची मराठी तपासून देण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्याला निमित्त झाले ते चौकातल्या एका फलकाचे. त्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते, 'उपयुक्तता स्थलांतराचे काम चालू आहे, वाहने सावकाश चालवा.' सायकल हातात धरून तो फलक वाचत उभ्या असलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी मला थांबवून विचारले, "सर, ही उपयुक्तता कुठं निघाली म्हणायची?" फलकामागच्या चरात जुन्या जलवाहिनीचे गंजलेले तोंड दिसत होते आणि शेजारी उपटलेला विजेचा खांब आडवा पडला होता. स्थलांतर व्हायचे होते ते त्यांचे.

हा शब्द मी दरवर्षी वर्गात शिकवतो, तरी त्या क्षणी मला उत्तर सुचले नाही. अर्थशास्त्रात 'युटिलिटी' म्हणजे उपयोगिता, अर्थात मानवी गरज भागवण्याची वस्तूची क्षमता. आणि उपयोगिता व उपयुक्तता यांत गल्लत करणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण मी कापतो. तंबाखूच्या पुडीला खाणाऱ्याच्या लेखी उपयोगिता असते, उपयुक्तता म्हणजे हितकारकपणा नसतो. स्थल उपयोगितेसाठी, म्हणजे जागा बदलल्याने वस्तूची उपयोगिता वाढते त्यासाठी, तर लातूरकराला उदाहरण शोधावे लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतर तोडून रेल्वेने पाणी आले, पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. मिरजेत ज्या पाण्याकडे कोणी वळून पाहिले नसते, तसल्या पाण्यासाठी आमच्याकडे टँकरपुढे घागरींच्या रांगा लागत होत्या. मात्र शेजारच्या वर्गात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक बेंथम आणि मिल हे इंग्रज विचारवंत शिकवतात, तेव्हा त्याच 'युटिलिटी'वर उभ्या असलेल्या विचाराला ते 'उपयुक्ततावाद' म्हणतात. ज्या शब्दासाठी मी गुण कापतो, तो भिंतीपलीकडे बरोबर ठरतो.

उपयोगिता आणि उपयुक्तता हे दोन्ही शब्द वस्तूचा गुणधर्म सांगणारे आहेत. रस्त्याच्या कामात मात्र 'युटिलिटी' म्हणजे हाताला लागणारी वस्तू असते : नळ, गटार, तारा, खांब. त्यामुळे माझी अडचण तीन ठिकाणी आहे. पहिली म्हणजे अर्थातच हा फलक. दुसरी, पत्रकात बाधित घरमालकांना पत्त्याचा पुरावा म्हणून 'उपयोगिता देयक' जोडण्यास सांगितले आहे आणि ते कोणते, हे विचारायला लोक माझ्याकडे येत आहेत. तिसरी, त्याच पत्रकातील 'सार्वजनिक उपयोगिता सेवा' या शब्दांना मराठीत कायद्याने मान्य असा पर्याय आहे का? संगणकातली 'युटिलिटी' आणि गाड्यांच्या नावांतली 'युटिलिटी' यांची चिंता मला नाही. ती तशीच बोलली जाते आणि त्यावाचून कोणाचे अडत नाही.

जाता जाता एक घरगुती शंका. छत्रपती संभाजीनगरला आम्ही घर पाहिले, त्याच्या नकाशात स्वयंपाकघरामागच्या पाच फुटी जागेवर 'युटिलिटी' असे लिहिले आहे. तिला मराठीत काय म्हणावे?

प्रतिसाद :

सर, मी नांदेडला वकिली करते, म्हणून तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते. रूढ शब्द 'लोकोपयोगी सेवा' असा आहे आणि तो आपण निःशंकपणे वापरावा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ मध्ये २००२ साली भर घालून अशा सेवांच्या तक्रारींसाठी कायमस्वरूपी लोक अदालतीची तरतूद करण्यात आली. वाहतूक, टपाल, वीज व पाणीपुरवठा, स्वच्छता, रुग्णालय यांच्याबरोबर त्या व्याख्येत विमासुद्धा येतो. विमा काही रस्त्याखालून जात नाही, तेव्हा हा शब्द फलकावर मात्र आणू नये. तिथे 'सेवावाहिन्या' लिहावे.

देयकाच्या बाबतीत भाषांतरच करू नका, नावे घ्या. ओळख पटवण्याच्या बँकांच्या नियमांत वीज, दूरध्वनी, पोस्टपेड मोबाइल, नळाद्वारे येणारा गॅस आणि पाणी यांचे दोन महिन्यांपेक्षा जुने नसलेले बिल 'युटिलिटी बिल' समजतात. घरपट्टीची पावती त्यांत मोडत नाही. तिचा उल्लेख तिथे स्वतंत्रपणे केलेला आहे. आपल्या पत्रकात कोणती कागदपत्रे चालतील, हे संबंधितांना विचारून तीच नावानिशी छापावीत.

प्रतिसाद :

अंबाजोगाईहून लिहिते आहे. आमच्या वाड्यात त्या जागेला मोरी म्हणत आणि तिथे धुणे, भांडी, अंघोळ सगळे चाले. आता अंघोळ आत गेली, धुणे-भांडी मागे राहिली. काही नकाशांत तिला 'ड्राय बाल्कनी' म्हणतात, पण जिथे दिवसभर पाणी सांडते तिला कोरडी म्हणणे मला पटत नाही. मी आमच्या बाईंना 'मागची मोरी' सांगते आणि त्यांना ते लगेच समजते.

मूळ लेखकाचा प्रतिसाद :

ताई, आपणा दोघींचा आभारी आहे. 'सेवावाहिन्या' या शब्दात खांब येतो का, अशी शंका मला आली होती. परंतु तार ही वीजवाहिनीच असून खांब हा तिचा आधार आहे, तेव्हा तो तिच्याबरोबर जाणारच. तरीही त्या सायकलवाल्या गृहस्थांना डोळ्यांसमोर धरून मी आणखी साधा मजकूर पाठवला आहे : 'पाण्याचे नळ व विजेचे खांब हलवण्याचे काम चालू आहे. वाहने सावकाश चालवा.' पत्रकात मात्र 'सेवावाहिन्या' ठेवतो, कारण तिथे गटारे आणि दूरध्वनीच्या ताराही मोजायच्या आहेत. घराच्या नकाशावर आमच्या सौभाग्यवतींनी पेन्सिलीने 'मागची मोरी' असे लिहूनही टाकले आहे.