इनोउए, नाकातानी आणि बॅम: कोण कोणाला भारी पडेल, आणि कुठल्या वजनात?

जॅब_आधी

डिसेंबर २०२५ मध्ये बॉक्सर टेरेन्स क्रॉफर्डने निवृत्ती जाहीर केली. वजनगट बाजूला ठेवून जगातले सगळ्यात भारी बॉक्सर धरले, तर आता माझा क्रम असा: हेवीवेट उसिक, नाओया इनोउए, जेसी 'बॅम' रॉड्रिगेझ, बिवोल. पाचव्या जागेवर जुन्तो नाकातानीला बसवावं की नाही, इथे अडलोय. २७ डिसेंबरला रियाधमध्ये सेबास्तियन हर्नांडेझने त्याला बाराही राऊंड पळवलं. निकाल नाकातानीच्या बाजूने एकमताने लागला, पण तीनपैकी दोन जजांच्या कार्डांवर (राऊंड जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला सहसा ९ गुण) ११५-११३ एवढाच फरक होता.

तीन गोष्टींवर मत हवंय. एक, इनोउए–नाकातानी ही बरोबरीची लढत आहे का? दोन, बॅमने ११५ पौंडांच्या वजनगटातून थेट १२२ मध्ये येऊन इनोउएला गाठावं का? क्रॉफर्ड १५४ वरून १६८ मध्ये गेला आणि कानेलोला हरवून आला, मग बॅमला काय हरकत आहे? तीन, उसिकसाठी आता कोण उरलंय?

कारणासहित लिहा. "अमुक एक नंबर आहे" एवढ्यावर थांबू नका.

बाहेरचा_पाय

पहिल्या प्रश्नाबद्दल. हर्नांडेझच्या लढतीवरून नाकातानीचा भाव पाडू नका. १२२ मधली ती त्याची पहिलीच लढत होती. पण त्या लढतीत एक गोष्ट उघडी पडली आणि इनोउएच्या कोपऱ्यातल्या प्रशिक्षकांनी ती नक्की टिपली असणार: छातीला छाती लावून सतत ठोसे मारणारा माणूस समोर आला की नाकातानीचे लांब हात अडचणीत येतात. त्याचा डावा स्ट्रेट (सरळ ठोसा) आणि अप्परकट (खालून वर येणारा ठोसा) दोन्हींना जागा लागते.

आता डावखुऱ्याचं गणित. इनोउए उजव्या हाताचा, म्हणजे त्याचा डावा पाय पुढे. नाकातानी डावखुरा, त्याचा उजवा पाय पुढे. दोघांचे पुढचे पाय समोरासमोर येतात आणि ज्याचा पाय दुसऱ्याच्या पायाच्या बाहेर पडतो, त्याचा मागचा हात सरळ हनुवटीच्या रेषेत येतो. म्हणून अशा लढतीत पहिले दोन राऊंड ठोसे मोजण्यापेक्षा पाय बघा. इनोउए डावीकडे अर्धं पाऊल टाकून उजवा स्ट्रेट सोडत असेल तर लढत त्याच्या हातात आहे. तो पाय आत अडकला तर नाकातानीचा डावा हात दिवसभर लागत राहील.

"इनोउएला डावखुरे जड जातात" हे मात्र पटत नाही. टापालेस, नेरी, डोहेनी, अखमादालिएव हे चौघेही डावखुरे, आणि चौघांना त्याने १२२ मध्येच हरवलं. खरा प्रश्न उंचीचा आहे. इनोउए साधारण १६५ सेंटिमीटर, नेरी आणि अखमादालिएव त्याच्याच आसपासचे, टापालेस तर थोडा कमीच. नाकातानी १७२ च्या वर आहे. उंच आणि जोरदार डावखुरा त्याने या वजनात अजून पाहिलेला नाही.

उपाय पोटावरच्या जॅबमध्ये, म्हणजे पुढच्या हाताच्या झटपट सरळ ठोशात आहे. उंच माणसाचं डोकं दूर असतं, पण पोट तितकं दूर नसतं. सप्टेंबर २०२५ मध्ये नागोयाला अखमादालिएवविरुद्ध इनोउएने हेच केलं. पोटावर जॅब, लगेच बाहेर, पुन्हा जॅब. १२ राऊंडनंतर कार्डं ११८-११०, ११८-११०, ११७-१११. नाकातानीविरुद्ध धोका एकच: जॅबसाठी गुडघ्यातून खाली वाकताना डोकं मधल्या रेषेवर राहिलं तर खालून अप्परकट येईल. वाकतानाच डोकं बाहेर न्यायला हवं.

माझा अंदाज: इनोउए, गुणांवर, ११६-११२ च्या आसपास.

शेवटची_तीन_मिनिटं

पायांबद्दलचं सगळं मान्य, अंदाज मान्य नाही. माझ्या मते ही ५५-४५ ची लढत आहे.

इनोउए दोनदा खाली पडलाय: मे २०२४ मध्ये टोकियो डोमला नेरीविरुद्ध पहिल्या राऊंडमध्ये आणि मे २०२५ मध्ये लास वेगासला कार्डेनासविरुद्ध दुसऱ्यात. दोन्ही वेळा लेफ्ट हुक (डाव्या हाताचा बाजूने येणारा ठोसा), दोन्ही वेळा जवळच्या अंतरावर, आणि दोन्ही वेळा तो स्वतः मारायला गेलेला असताना. यावरून "हनुवटी कच्ची" म्हणणं चूक आहे. तो उठला आणि नेरीला सहाव्यात, कार्डेनासला आठव्यात संपवलं. दोष वेगळा आहे: सुरुवातीला समोरच्याचा वेग आणि अंतर अंगात भिनायच्या आधीच तो ठोशांच्या अदलाबदलीत उतरतो. म्हणजे नाकातानीची संधीची खिडकी पहिल्या तीन राऊंडची आहे. जून २०२५ मध्ये निशिदाविरुद्ध त्याने पहिल्या घंटेपासूनच दाब टाकला होता आणि सहाव्या राऊंडनंतर निशिदा उठलाच नाही. तशी सुरुवात इथे जमली तर इनोउएचा कोपरा हादरेल.

आणखी एक. अखमादालिएव आणि पिकासो यांच्याविरुद्धच्या इनोउएच्या २०२५ मधल्या शेवटच्या दोन्ही लढती पूर्ण १२ राऊंड गेल्या. जानेवारी, मे, सप्टेंबर, डिसेंबर अशा एका वर्षात चार लढती झाल्यावर ३२ वर्षांच्या शरीरावर ओझं येतंच. त्याची ताकद संपलीय असं मी म्हणत नाही, पण १२२ मध्ये ११८ सारखा एका ठोशात निकाल लागत नाही.

वजनकाटा

दुसरा प्रश्न. आधी आकडे मांडतो, कारण पौंडांत फरक लहान वाटतो.

११५ पौंड म्हणजे ५२.१६ किलो, ११८ म्हणजे ५३.५२, १२२ म्हणजे ५५.३४ आणि १२६ म्हणजे ५७.१५. बॅमने ११५ वरून १२२ वर जायचं म्हणजे शरीराच्या साधारण ६ टक्के वाढ. क्रॉफर्डची उडी १४ पौंडांची, म्हणजे ९ टक्के. टक्क्यांत क्रॉफर्डची उडी मोठी, तरी बॅमची जास्त अवघड आहे. कारण हाडांचा सांगाडा. क्रॉफर्ड आणि कानेलो उंचीला जवळपास सारखे, आणि हातांचा पल्ला क्रॉफर्डचा साडेतीन इंचांनी जास्त. तो वर गेला तेव्हा समोरचा माणूस जाड होता, लांब नव्हता. बॅम सुमारे १६३ सेंटिमीटरचा. इनोउएसमोर चालून जाईल, पण १२२ मध्ये नाकातानीसारखे उभे आहेत.

वजन कुठे बिघडतं तेही सांगतो. व्यावसायिक लढतीत वजन आदल्या दिवशी घेतात. कुस्तीसारखं त्याच सकाळी नाही. त्यामुळे बॉक्सर शेवटच्या दोन-तीन दिवसांत पाणी काढून काट्यावर उतरतो आणि साधारण २४ ते ३० तासांत ते परत भरतो. भरताना घाई केली तर पोट फुगतं, पाणी स्नायूंत पोहोचत नाही आणि आठव्या-नवव्या राऊंडपासून पाय जड होतात. आयबीएफ या जागतिक संघटनेच्या किताबी लढतीत लढतीच्या दिवशी सकाळी दुसरं वजन होतं आणि मर्यादेपेक्षा १० पौंडांहून जास्त वाढ चालत नाही. खूप पाणी काढणाऱ्याला हा नियम सगळ्यात जास्त लागतो. वर गेलेल्या बॉक्सरला पाणी कमी काढावं लागतं, हा त्याचा फायदा. पण अंगावर चढवलेलं वजन ठोशात उतरायला दोन-तीन लढती जातात.

म्हणून बॅमने आधी ११८ मध्ये यावं. तिथे डब्ल्यूबीसी या दुसऱ्या संघटनेचा पट्टा (किताब) ताकुमा इनोउएकडे आहे, नाओयाचा धाकटा भाऊ. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याने तेनशिन नासुकावाला पहिला पराभव दाखवला. बॅम–ताकुमा ही मला आत्ताची सगळ्यात चांगली न झालेली लढत वाटते. ताकुमा अंतर राखतो, बॅम पाऊल वळवून कोन काढतो. 'पुमा' मार्टिनेझला नोव्हेंबरमध्ये दहाव्या राऊंडला झोपवताना तेच दिसलं. तिथे जिंकला तर मग १२२ चं बोलू.

आणि इनोउएला १२६ ला ढकलणाऱ्यांनी राफाएल एस्पिनोझाची उंची बघावी: १८५ सेंटिमीटर. २० सेंटिमीटरचा फरक. तिथे पोटावरचा जॅबही हनुवटीएवढ्या उंचीवर मारावा लागेल.

जॅब_आधी

सांगाड्याचा मुद्दा पटला. क्रॉफर्डचं उदाहरण मागे घेतो. पण ५५-४५ आणि ११६-११२ यांत मी कोणाचं धरू? निम्मे राऊंड तर असे असतात की कोणालाही द्यावेत.

दहा_नऊ

ते राऊंड स्वतः मोजा, आवाज बंद करून. घंटा वाजली की दहा सेकंदांत आकडा लिहा, नंतर बदलू नका. आधी स्वच्छ लागलेले जोरदार ठोसे, मग परिणामकारक आक्रमण, रिंगवरचा ताबा आणि बचाव. हातमोज्यावर, दंडावर, खांद्यावर पडलेले ठोसे धरू नका. समालोचक नेमके तेच मोजतात. पोटावरचा ठोसा मात्र धरा. तो आवाज करत नाही म्हणून प्रेक्षक विसरतात.

एक गुण किती जड असतो ते उसिक–फ्युरी, १८ मे २०२४, यात बघा. कार्डं होती उसिकला ११५-११२ आणि ११४-११३, फ्युरीला ११४-११३. नवव्या राऊंडमध्ये फ्युरी दोरांवर लोंबकळला, रेफ्रीने तो खाली पडल्यासारखी मोजणी केली, म्हणून राऊंड १०-८ झाला. ती मोजणी नसती आणि राऊंड १०-९ राहिला असता, तर कार्डं झाली असती ११५-११३ उसिक, ११४-११४, ११५-११३ फ्युरी. म्हणजे बरोबरी. एका मोजणीवर हेवीवेटचे चारही पट्टे गेले.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात. डिसेंबर २०२४ मध्ये फ्युरीला तिन्ही कार्डांवर ११६-११२, जुलै २०२५ मध्ये वेम्बलीला डुबोआला पाचव्या राऊंडमध्ये बाद. जुनं कोणी उरलेलं नाही. फॅबिओ वॉर्डलीबद्दल लोक बोलतात. त्याने हुनी आणि पार्कर या दोघांनाही मागे असताना उशिरा पाडलं, म्हणजे शेवटपर्यंत मारण्याची ताकद आहे. पण त्यासाठी समोरचा माणूस जागेवर सापडावा लागतो, आणि उसिक ठोसा मारल्यावर तिथे थांबत नाही. मी आठव्या-नवव्या राऊंडला उसिक म्हणेन.

बाहेरचा_पाय

@शेवटची_तीन_मिनिटं, पहिल्या तीन राऊंडची खिडकी मान्य करतो. माझा आकडा ११५-११३ वर आणतो, विजेता तोच. पण नाकातानीने निशिदासारखी सुरुवात केली तर तो स्वतःहून जवळ येईल, आणि जवळ आल्यावर त्याचं काय होतं ते हर्नांडेझने दाखवलंय. लांब राहिला तर जॅब खाईल, जवळ आला तर हुक. त्याला मधलं अंतर हवंय, आणि ते अंतर देणं-न देणं इनोउएच्या डाव्या पायावर आहे.