केमन एस विकून टाकावी का? बोअर स्कोअरिंगची धास्ती

सहावा_गिअर (एडिसन, न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी, एरवी वाचनमात्र असतो, आज धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

माझ्याकडे २००७ ची पोर्शे केमन एस आहे, ३.४ लिटर, सहा गिअरची मॅन्युअल, ८८ हजार मैल झालेत. घेतली सेकंडहँडच पण जिवापाड सांभाळलीय. इंजिन अगदी पाठीशी, मधे गालिचा लावलेलं एक झाकण फक्त, त्यामुळे साडेचार हजार आरपीएमच्या वर तो फ्लॅट सिक्स, म्हणजे आडव्या सहा सिलिंडरचं इंजिन, जो काय सुरू होतो ना, गाणी लावायची इच्छाच होत नाही. रविवारी सकाळी लवकर उठून रूट २९ ने डेलावेअर नदीच्या कडेकडेने फ्रेंचटाउनपर्यंत जायचं, कॉफी प्यायची, परत यायचं, बास, एवढंच सुख.

गाडीला आजवर काहीही झालेलं नाही. जे काय झालंय ते माझ्या डोक्यात झालंय. या पिढीच्या इंजिनांमधे सिलिंडरच्या भिंतीवर चरे पडतात, तेच बोअर स्कोअरिंग, आणि पडले की इंजिन पूर्ण उघडून नवीन स्लीव्ह टाकायचे म्हणजे जवळपास गाडीच्या किमतीएवढा खर्च, हे सगळं वाचून वाचून आता थंडीत गाडी सुरू केली की खिडकी खाली आणि कान मागे. जरा टिकटिक आली की पोटात गोळा. त्यात डिपस्टिक नाही, इलेक्ट्रॉनिक गेजवर ऑइलची एक कांडी कमी दिसली की दिवस खराब. वर ते आयएमएस बेअरिंगचं भूत आहेच.

बायको म्हणते एकतर चालव नाहीतर विक, रोज रात्री यूट्यूबवर फुटलेली इंजिनं बघत बसू नकोस. मुलगी दोन वर्षांत कॉलेजला जाईल, तेव्हा वीसेक हजार डॉलरचा फटका अजिबात परवडणार नाही. काय करू?

नेकरकाठचा (श्टुटगार्ट)

आधी दोन भुतं वेगळी करा, लोक कायम त्यांची खिचडी करतात.

आयएमएस म्हणजे इंटरमीडिएट शाफ्ट, क्रँकवरून कॅमकडे ड्राइव्ह नेणारा. त्याच्या फ्लायव्हीलकडच्या टोकाला सीलबंद बॉल बेअरिंग असतं आणि तेच बदनाम. अमेरिकेत जो क्लास अ‍ॅक्शन दावा होऊन मिटला तो २००१ ते २००५ च्या गाड्यांचा, त्यांच्यात बेअरिंग लहान होतं. तुमच्या २००७ मधे मोठं आहे, ते फार क्वचित जातं. फक्त क्रँककेस उघडल्याशिवाय निघत नाही, म्हणून क्लच बदलताना बरेच मेकॅनिक त्याचं बाहेरचं सील काढून टाकतात, म्हणजे इंजिनाचं ताजं ऑइल आत पोचतं. तेवढं करा आणि ते भूत सोडा.

बोअर स्कोअरिंग मात्र खरं आहे, आणि ३.४ मधे जास्त ऐकू येतं. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, सिलिंडरच्या जागी सिलिकॉनचे कण ओतलेले, त्याला लोकासिल म्हणतात. पिस्टनच्या स्कर्टवरचं, म्हणजे खालच्या बाजूंवरचं कोटिंग गेलं की उघडा अ‍ॅल्युमिनियम त्या भिंतीवर घासतो. कडाक्याच्या थंडीतले स्टार्ट, लगेच जोरात दामटणं, छोट्या छोट्या फेऱ्या, गळका इंजेक्टर भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकणं, हे सगळं त्याला हातभार लावतं. बहुतेक वेळा बँक २ मधे, म्हणजे ४ ते ६ नंबरच्या सिलिंडरमधे.

पोर्शे ९११ वाले डावं-उजवं नळकांडं बघून कुठल्या बाजूला काजळी जास्त आहे ते सांगतात, तुमच्या केमनचा एक्झॉस्ट मधोमध बाहेर येतो त्यामुळे तो उपाय नाही. टिकटिक इंजेक्टरचीही असते, लिफ्टरचीही असते. सकाळी सुरू करताना जरासा निळा धूर आला तरी घाबरू नका, सिलिंडर आडवे झोपलेले असतात, ऑइल झिरपतंच.

तेव्हा कानावर भरवसा ठेवूच नका, बोअरस्कोप करून घ्या, म्हणजे सिलिंडरमधे बारीक कॅमेरा घालून तपासणी. आणि नुसता स्पार्क प्लगच्या भोकातून नको, तिथून वरचा भाग दिसतो. चरे खालच्या बाजूला सुरू होतात, म्हणून संप, म्हणजे इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं काढून, पिस्टन वर नेऊन खालून कॅमेरा घालायला सांगा. काही शे डॉलरचं काम आहे.

(अवांतर: व्हीआयएनचं, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाचं अकरावं अक्षर बघा, यू असेल तर गाडी फिनलंडच्या उसिकाउपुन्कीत व्हाल्मेटने जोडलेली. इंजिन मात्र इथलंच, झुफेनहाउसनचं. आमच्याकडे बरेच जण अशा गाड्यांना सीझनची नंबरप्लेट घेतात, एप्रिल ते ऑक्टोबर वगैरे, हिवाळाभर गाडी गॅरेजात, इन्शुरन्स आणि टॅक्सही तेवढ्याच महिन्यांचा. थंडीतल्या स्टार्टचा प्रश्नच मिटतो.)

रेडलाइन_राव (ह्यूस्टन)

अहो कशाला विकताय!! ज्यांचं इंजिन गेलं तेच व्हिडिओ टाकतात, ज्यांचं धडधाकट आहे ते गाडी चालवत असतात. ५डब्ल्यू-४० ऑइल, दर पाच हजार मैलांना किंवा सहा महिन्यांनी बदल, कंपनीचं ते लांबलचक इंटरव्हल विसरा, कमी तापमानाला उघडणारा थर्मोस्टॅट टाका, ऑइल गरम होईपर्यंत तीन हजारच्या वर नेऊ नका, मग खुशाल तुडवा. आणि दुसरी कुठली घेणार? बीएमडब्ल्यूच्या ई९२ एम३ वाले रॉड बेअरिंगच्या नावाने रडतात, टोयोटा जीआर८६ वाले ऑइल पिकअपमधल्या सीलंटच्या नावाने. बिनघोर स्पोर्ट्स कार पाहिजे तर माझ्दाची मियाटा घ्या, पण मग तो आवाज विसरा.

माहेर_सांगली (बे एरिया)

रेडलाइन_राव, तुमचं ह्यूस्टन आहे हो, तिथे थंडी असते तरी किती. न्यू जर्सीत जानेवारीत गाडी काढून बघा.

मी माझी ९९७, म्हणजे त्या पिढीची ९११, विकली, २००६ ची. बोअरस्कोप स्वच्छ होता, तरीही विकली. कारण रिपोर्ट त्या दिवसाचा असतो, पुढच्या हिवाळ्याचा नाही, आणि मला माझा स्वभाव माहीत आहे. मी प्रत्येक ट्रिपच्या आधी ऑइल बघायचे, नंतर बघायचे, लेकाने एकदा विचारलं आई तू गाडी चालवतेस की तिला सलाइन लावतेस. ऑइलचे नमुने लॅबला पाठवून अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंडाचे आकडे एक्सेलमधे भरायचे. आकडे चांगले आले तरी पुढचा नमुना कधी पाठवायचा याचाच विचार. एवढं करून घाटात हात मोकळा सोडायचा धीर होत नसेल तर ती गाडी ठेवून उपयोग काय?

विकायचीच असेल तर बोअरस्कोपचे फोटो, ऑइलचे रिपोर्ट, सगळी बिलं फाइल करून घेणाऱ्याच्या हातात द्या. हल्ली जाणकार माणूस त्याशिवाय भाव बोलतच नाही. आणि मोह झालाच तर २००९ नंतरची केमन बघा. इंजिन मुळापासून नवीन, त्यात इंटरमीडिएट शाफ्टच नाही, ब्लॉक वेगळा, एसला ३२० हॉर्सपॉवर. तुमच्यापेक्षा महाग पडेल, पण शोधताना आधी सर्व्हिस हिस्ट्री बघा, मैल नंतर.

पुणेकर_पण_शांत

आम्ही चांदणी चौकातून स्विफ्ट बाहेर काढतो तेच आमचं रेसिंग, तरी धागा मिटक्या मारत वाचला. चालू द्या.

सहावा_गिअर

सगळ्यांचे आभार. नेकरकाठचा, व्हीआयएन बघितला, यू आहे, गाडी फिनलंडची निघाली. शेजारच्या गावातल्या एका स्वतंत्र मेकॅनिककडे संप काढून तपासणी करून घेतली. सहाही सिलिंडर स्वच्छ, होनिंगच्या (कारखान्यात सिलिंडर घासताना पडणाऱ्या) तिरप्या रेघा शाबूत, फक्त सहा नंबरमधे एक बारीकशी उभी रेघ आहे, तो म्हणाला ही ओरखड्यात मोडत नाही, वर्षभराने परत बघू. बायको खूश, म्हणाली झालं ना मग.

झालं नाही ना पण. तेव्हापासून मला ती एकच रेघ दिसतेय. माहेर_सांगली म्हणतात तो स्वभाव माझाही आहे, त्याला थर्मोस्टॅट लावता येत नाही. रिपोर्ट ताजा आहे तोवर विकतोय, मार्चमधे जाहिरात टाकेन, त्या रेघेच्या फोटोसकट. २००९ वाली लगेच घेणार नाही, आधी कॉलेजचं बघू.

रेडलाइन_राव (ह्यूस्टन)

जाहिरात टाकायच्या आधी मला व्यनि करा. रंग कुठला? क्लच कधी बदललाय? सील काढलंय का? आणि ती रेघ धरून भाव सांगा, रेघेचे पैसे मी देणार नाही.