चिनावु पाण्यात सुटतात, चुकतंय कुठे?

प्रश्न (तैवानची_भाकरी):
तैवानच्या पिंगतुंग जिल्ह्यातल्या सान्दीमेन तालुक्यात पाइवान आदिवासी करतात ते चिनावु, म्हणजे पानात बांधून उकळलेली राळ्याची पुडकी, घरी करायचे आहेत. राळे चार तास भिजवले, मध्ये डुकराच्या मांसाचा तुकडा ठेवला, हळदीच्या पानात बांधून उकळले. पान उघडलं तर आत नुसती पेज. राळे कमी भिजले की बांधणी चुकली? तिकडे आत आणखी एक खायचं पान असतं, त्याऐवजी इथलं काय चालेल?

उत्तर १ (कणीकोंडा):
भिजवण्यात चूक नाही, राळ्यात आहे. तिकडचं धान्यही राळेच, पण चिकट वाणाचं. आपल्याकडचे राळे शिजून मोकळे होतात. त्यामुळे अख्खे दाणे घेऊ नका. १७० ग्रॅम राळ्याचं पीठ, ८० ग्रॅम चिकट तांदळाचं पीठ (मोदकाचं साधं पीठ चालणार नाही) आणि साधारण १७० मिली कोमट पाणी. गोळा मुठीत दाबल्यावर कडा फाटल्या तर आणखी चमचाभर पाणी घाला. यात सात नग होतात.

मांस चरबीचंच हवं, पोटाकडचं. १७५ ग्रॅमचे बोटाएवढे सात तुकडे करा, ५ ग्रॅम मीठ चोळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. नुसतं लाल मांस घेतलंत तर सारण कोरडं पडतं, कारण पिठात तेलाचा थेंबही नसतो.

उत्तर २ (अळकुडी):
बांधणीबद्दल. चिनावुला दोन पानं लागतात. आतलं खातात, बाहेरचं टाकून देतात. बाहेरचं पान हळदीच्याच कुळातलं, त्यामुळे तुमची निवड बरोबर आहे, पातोळ्यांचा हात असेल तर उत्तमच. शीर मागून तासून घ्या आणि पान गरम पाण्यातून काढा, नाहीतर घडीवर चिरतं आणि तिथूनच पाणी शिरतं. सुती दोरा दोन जागी बांधा, पण करकचून नको. पीठ फुगतं, जागा मिळाली नाही की पान फाडून बाहेर येतं. पाणी खळखळ उकळल्यावरच सोडा, पुडकी बुडलेली राहू द्या, ५० मिनिटं.

आतलं पान ट्रायकोडेस्मा कॅलिकोसम या झुडपाचं. आपल्या रानातला छोटा कल्पा त्याचा नातलग दिसतो म्हणून तो वापरू नका. या वंशातल्या काही वनस्पती यकृताला घातक आहेत. वाफवलेलं कोबीचं पान घ्या. चव तीच येणार नाही, पण पीठ बाहेरच्या पानाला चिकटत नाही.

उत्तर ३ (कणीकोंडा):
एक राहिलं. तिकडे राळ्याऐवजी सुकवलेल्या अळकुडीचं पीठही वापरतात. पाइवान आणि शेजारचे रुकाई आदिवासी दोघेही कंद भट्टीवर मंद धगीत सुकवतात, ते फार दिवस टिकतात. घरी करायचं तर कंद आधी पूर्ण उकडा, मग काप करून वाळवा आणि दळा. कच्चे वाळवून दळलेत तर घसा खाजेल.

उत्तर ४ (पानगी):
उच्चारापुरतं: चिनावुतला च ‘चाक’मधला, ‘चिंच’मधला नाही. आणि सान्दीमेन तालुका सगळा पाइवान नाही, चिंगयेसारख्या गावात रुकाई आहेत. त्यांच्याकडे असाच पदार्थ ‘आबाई’ म्हणून मिळेल.