चर्चा : त्सोलफेराइनमध्ये खाण जपली गेली, की केवळ तिची इमारत?

पायवाट (मूळ लेख)

जर्मनीतील एसेन शहराच्या उत्तर भागातील त्सोलफेराइन ही कोळशाची खाण २३ डिसेंबर १९८६ रोजी बंद झाली आणि आज ती रूहर या कोळसा-पोलाद उद्योगाच्या खोऱ्यातील सर्वांत नावाजलेले सांस्कृतिक संकुल आहे. १८४७ मध्ये फ्रान्झ हानिएल या उद्योजकाने सुरू केलेल्या या खाणीचा बारावा शाफ्ट (जमिनीत खोल उतरणारी उभी विहीर आणि तिच्यावरच्या इमारती) फ्रिट्झ शूप आणि मार्टिन क्रेमर या वास्तुविशारदांनी आखला. १९३२ मध्ये तो चालू झाला, तेव्हा दिवसाला बारा हजार टन कोळसा वर काढण्याची त्याची क्षमता होती. २००१ मध्ये युनेस्कोने खाण आणि शेजारचा कोक (कोळसा भाजून केलेले इंधन) बनवणारा कारखाना यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. नुकतीच मला ही जागा सावकाश पाहता आली. तेथून मी जो प्रश्न घेऊन परतलो, त्यावर इथे मोकळेपणाने चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

कोळसा धुण्याच्या प्रचंड इमारतीत आता रूहर संग्रहालय आहे. डच वास्तुविशारद रेम कूलहास यांच्या संस्थेने तिच्या रूपांतराचा आराखडा केला. जमिनीपासून चोवीस मीटर उंचीवरच्या मजल्यावर नेणारा नारिंगी प्रकाशाचा सरकता जिना चढून आपण आत जातो आणि मग एकेक मजला खाली उतरत वर्तमानाकडून स्मृतीकडे व स्मृतीकडून इतिहासाकडे येतो. ही मांडणी विचारपूर्वक केलेली आहे, कारण कोळसाही याच इमारतीत वरून आत येत असे आणि चाळला, धुतला जात खाली उतरत असे. पाण्याच्या हौदांत हलका कोळसा वर राही आणि जड दगड तळाशी बसे, एवढ्या साध्या तत्त्वावर ही अवाढव्य यंत्रणा चालत होती. यंत्रांची भव्यता पाहून मन भरून येते, यात शंका नाही.

तरीही या भव्यतेतून हिंडताना मला सतत जाणवत राहिले की इथे जपले गेले आहे ते यंत्र, आणि पुसले गेले आहे ते काम. लोखंड काळ्या रंगात स्वच्छ उभे आहे, विटा नीटस आहेत, धूळ नाही, कानठळ्या बसवणारा आवाज नाही. ज्या धुळीने हजारो खाणकामगारांची फुप्फुसे दगडासारखी केली, ती दालनातील माहितीफलकावर आहे, पण पाहणाऱ्याच्या अंगावर येत नाही. भरभराटीच्या काळात ज्या खाणीत आठ हजारांहून अधिक माणसे राबत होती, तिथे आज उत्तम रचनेच्या (डिझाइनच्या) वस्तूंचे प्रदर्शन, लग्नाची छायाचित्रे आणि हिवाळ्यात कोक भट्ट्यांलगत बर्फावरचे स्केटिंग चालते. जागा वापरात आहे याचा आनंद आहेच, परंतु औद्योगिक वारसा कसा जपावा याचा आदर्श म्हणून हिच्याकडे बोट दाखवले जाते, तेव्हा ते मला पटत नाही. श्रमाचे स्मारक आणि इमारतीचे स्मारक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्सोलफेराइनमध्ये दुसरीने पहिलीची जागा घेतली आहे.

नकाशाकार

आपले निरीक्षण प्रामाणिक आहे, परंतु निष्कर्ष मला अन्यायकारक वाटतो. १९८६ मध्ये या जागेपुढे कोणते पर्याय होते, ते आधी पाहावे. कोळसा उद्योगाला १९५८ पासून उतरती कळा लागली होती, स्वस्त तेल आणि बाहेरून येणारा कोळसा यांच्यापुढे खोल खाणींचा टिकाव लागत नव्हता आणि बंद पडलेल्या खाणी पाडून जमीन मोकळी करणे हीच रूहरमधील रूढ पद्धत होती. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याने त्सोलफेराइन विकत घेऊन बाराव्या शाफ्टला संरक्षित वास्तू ठरवले, तेव्हा हा निर्णय अनेकांना वेडेपणाचा वाटला होता. एवढ्या मोठ्या पोलादी सांगाड्याला गंजापासून वाचवण्याचा खर्च कायमचा असतो. केवळ आठवण म्हणून असा खर्च कोणतेही सरकार पिढ्यानपिढ्या करत नाही. संग्रहालय, नृत्य, वस्तूंचे डिझाइन, विद्यापीठ हे सर्व आत आले, म्हणून छप्पर टिकले, आणि छप्पर टिकले म्हणून आपण आज तिथे उभे राहून श्रमाविषयी प्रश्न विचारू शकतो.

दुसरे असे की, धूळ आणि आवाज परत आणावेत अशी अपेक्षा असेल, तर ती कशी पूर्ण करायची ते आपण सांगितलेले नाही. ध्वनिमुद्रित गडगडाट आणि रंगवलेली काजळी आणून उभे केलेले नाटक कामगाराचा अधिक अपमान करील. तिथे माजी खाणकामगार स्वतः लोकांना हिंडवून आणतात आणि मला तरी श्रमाची याहून खरी स्मृती ठाऊक नाही. आपण त्यांच्याबरोबर फिरलात की एकटेच दालने पाहिलीत, हे लेखातून कळत नाही.

पायवाट

त्यांच्याबरोबरच फिरलो, आणि माझा प्रश्न तिथूनच निर्माण झाला. कोळशाचे डबे कसे उलटत, कोळसा वाहणारा पट्टा अडकला की काय करावे लागे, हे आमचा वाटाड्या हाताच्या हालचालींनी दाखवत होता. त्याच्या बोलण्यात जे होते, ते भोवतालच्या भिंतींत कुठेच नव्हते.

तळघर

दोन्ही बाजू एक महत्त्वाची गोष्ट सोडून देत आहेत. बारावा शाफ्ट मुळात कोळसा वर काढण्यासाठीच उभारला गेला. आसपासच्या जुन्या शाफ्टांचे उत्पादन एकाच ठिकाणाहून वर आणावे, हा त्यामागचा हिशोब होता आणि माणसे दुसऱ्या शाफ्टांतून खाली जात. शूप आणि क्रेमर यांनी आखलेले ते देखणे, प्रमाणबद्ध प्रांगण आणि समोरचा पंचावन्न मीटरचा पोलादी मनोरा हा कंपनीचा दर्शनी चेहरा होता. तेव्हा पायवाट यांना तिथे माणूस सापडला नाही, याचा दोष संग्रहालयाकडे जात नाही. तो भाग पहिल्या दिवसापासून माणसाला वगळूनच उभा राहिला आहे. पर्यटकांची गर्दी नेमकी तिथेच थांबते, हे खरे दुर्दैव आहे.

ज्यांना माणूस पाहायचा आहे, त्यांनी पहिल्या, दुसऱ्या आणि आठव्या शाफ्टच्या बाजूला चालत जावे. तिथल्या कामगारांच्या स्नानगृहात आता पाक्ट हे नृत्याचे केंद्र आहे. अशा स्नानगृहांत कामगार आपले कपडे आकड्याला अडकवून साखळीने छतापर्यंत ओढून घेत आणि साखळीला कुलूप लावत, म्हणजे वरच्या उबदार हवेत ओले कपडे सुकत आणि खालची जमीन मोकळी राही. काळ्या अंगाने एका बाजूने आत येऊन स्वच्छ अंगाने दुसऱ्या बाजूने बाहेर पडायचे, अशी सारी रचना असे. पाक्टच्या भिंतींवर त्या काळच्या फरशा आणि साबण ठेवण्याच्या जागा आजही दिसतात. जिथे माणसे आपले थकलेले शरीर धुवत होती, तिथे आज माणसे शरीरानेच काम करतात, घाम गाळतात, पुन्हा पुन्हा तीच हालचाल घोटतात. मला हे रूपांतर संग्रहालयातील कोणत्याही दालनापेक्षा अधिक प्रामाणिक वाटते. म्हणूनच संस्कृती आली की श्रम पुसला जातो, असे सरसकट म्हणणे मला मान्य नाही. कोणत्या खोलीत काय आणले, यावर सगळे अवलंबून आहे.

नकाशाकार यांच्याशी माझा मतभेद वेगळ्या ठिकाणी आहे. छप्पर टिकवण्यासाठी उपयोग हवा, हे खरे. मात्र धुण्याच्या इमारतीचे रूपांतर करताना काही यंत्रे काढली गेली आणि मूळ बाह्य आवरणाऐवजी उष्णता रोखणारे नवे आवरण बसवले गेले. संग्रहालयातील वस्तूंना नियंत्रित हवा लागते, म्हणून हे केले. म्हणजे वास्तू वाचवण्यासाठी उपयोग शोधला आणि त्या उपयोगासाठी वास्तूच बदलली. जतनाचा असा क्रम लागला की थांबायचे कुठे, याचे उत्तर त्यांच्या युक्तिवादात नाही.

उंबरठा

आपण सर्वजण आतल्या भिंतींविषयी बोलत आहात, म्हणून बाहेरच्या वस्तीविषयी थोडे लिहितो. संकुलाला लागून असलेले काटर्नबेर्ग हे खाणकामगारांचे उपनगर. एसेन शहर ए-४० या महामार्गाने दोन भागांत विभागले गेले आहे आणि दक्षिणेकडची सुबत्ता व उत्तरेकडची ओढग्रस्त स्थिती यांमुळे तो रस्ता सामाजिक विषुववृत्त म्हणून ओळखला जातो. त्सोलफेराइन उत्तरेला आहे. १९६१ च्या जर्मनी-तुर्कस्तान कामगार-भरती करारानंतर तुर्कस्तानातून आलेल्या आणि खाणींत उतरलेल्या अनेक कामगारांची मुले-नातवंडे याच उत्तर भागात राहतात. संकुल यशस्वी झाले की नाही, हे ठरवताना मी त्या कुटुंबांतील किती जण आठवड्याच्या सुट्टीला आत येतात, हे आधी पाहीन. प्रांगण सर्वांना विनामूल्य खुले आहे, ही मोठी गोष्ट आहे. उन्हाळ्यात कोक कारखान्यापाशी मालवाहू कंटेनर जोडून केलेल्या लहानशा तलावात शेजारची मुले डुंबतात, आणि २००१ मध्ये दोन कलावंतांनी कलाकृती म्हणून मांडलेला तो तलाव माझ्या मते तिथल्या साऱ्या रूपांतरांत सर्वांत यशस्वी आहे.

नकाशाकार

उंबरठा यांचा मुद्दा मोलाचा आहे, तरी खाणीने दिलेला रोजगार संग्रहालयाने द्यावा, असा त्याचा अर्थ होऊ नये. १९५० च्या दशकाच्या अखेरीस रूहरच्या खाणींत चार लाखांहून अधिक माणसे कामाला होती. कोणताही सांस्कृतिक प्रकल्प त्या पोकळीला पुरा पडणार नाही आणि तसे वचन दिले गेले असेल, तर ते देणाऱ्यांची चूक.

तळघर यांना उत्तर म्हणून रूहरमधल्याच डुइसबुर्ग शहराचा दाखला देतो. तिथला माइडरिख लोह कारखाना १९८५ मध्ये बंद झाला आणि भूदृश्यरचनाकार पीटर लाट्झ यांनी त्याचे उद्यान करताना झोतभट्ट्या जवळपास जशाच्या तशा गंजू दिल्या. वायूच्या टाकीत पाणी भरून तिथे पाण्याखाली बुडी मारणाऱ्यांचा सराव चालतो, खनिजाच्या कोठारांच्या भिंतींवर गिर्यारोहक चढतात आणि उद्यान रात्रंदिवस विनामूल्य खुले असते. मूळ वास्तूत कमीत कमी ढवळाढवळ झालेली आहे. पण पायवाट यांची कसोटी तिथे लावली, तर माणूस तिथेही सापडत नाही. उलट भट्टीवर झाडे वाढली की ती निसर्गाचाच भाग वाटू लागते आणि तिच्यापुढे कोणी होरपळत उभे राहत असे, हे त्सोलफेराइनपेक्षाही लवकर विसरायला होते. म्हणजे हस्तक्षेप करणे आणि न करणे या दोहोंनी स्मृतीचा प्रश्न सुटत नाही. तो सांगणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनी सुटतो, आणि तशी व्यवस्था त्सोलफेराइनने इतरांहून चांगली केली आहे.

पायवाट

तळघर यांनी बाराव्या शाफ्टविषयी जे सांगितले, त्यामुळे माझा आक्षेप अधिक नेमका झाला आहे. जो भाग मालकांनी दर्शनी म्हणून बांधला, त्यालाच जगाने वारशाचे बोधचिन्ह केले आहे आणि फलकांपासून पोस्टकार्डांपर्यंत सर्वत्र तो मनोराच दिसतो. पाक्टविषयी त्यांच्याशी सहमत आहे.

नकाशाकार यांचा भरवसा सांगणाऱ्या माणसांवर आहे, पण ती माणसे संपत चालली आहेत. जर्मनीतील शेवटची दगडी कोळशाची खाण, बोट्रोपमधील प्रॉस्पर-हानिएल, २१ डिसेंबर २०१८ रोजी बंद झाली. त्यानंतर तिथे दगडी कोळशाचा नवा खाणकामगार घडलेला नाही आणि यापुढे घडणारही नाही. आणखी तीसेक वर्षांनी हाताच्या हालचालींनी पट्टा दाखवणारे कोणी उरणार नाही, तेव्हा त्या इमारती एकट्याच बोलतील, आणि माझी काळजी त्या दिवसाची आहे.

म्हणून निव्वळ तक्रार न करता एक सूचना मांडतो. खाणकामामुळे रूहरमधील जमीन काही ठिकाणी वीस मीटरांहून अधिक खचली आहे. पंप थांबले, तर वस्त्या असलेला मोठा प्रदेश पाण्याखाली जाईल, म्हणून पाण्याचा उपसा कायम चालू ठेवावा लागतो आणि त्या खर्चासाठी स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन झाले आहे. खाणीचे हे काम आजही संपलेले नाही. त्सोलफेराइनच्या आवारात साना या जपानी वास्तुविशारदांनी २००६ मध्ये बांधलेल्या चौकोनी इमारतीच्या भिंती पातळ ठेवता आल्या, त्या सुमारे हजार मीटर खोलीवरून उपसलेले कोमट पाणी त्यांतून खेळवल्यामुळे. पाहुण्यांतील बहुतेक जण त्या इमारतीच्या खिडक्यांची छायाचित्रे काढून पुढे जातात. त्या पाण्याची कथा, उपशाचा खर्च आणि तो कोण किती पिढ्या भरणार याचा हिशोब प्रवेशद्वारातच मांडला, शक्य असेल तिथे चालू पंप काचेआडून दाखवला, तर खाण इतिहासजमा झालेली नाही हे नारिंगी जिना चढण्याआधीच प्रत्येकाला कळेल. यासाठी रंगवलेली काजळी लागणार नाही आणि नकाशाकार यांना ज्या नाटकाची भीती वाटते, तेही करावे लागणार नाही.

तळघर

सूचना आवडली. तिच्यात स्नानगृहाची भर घालावी, असे सुचवतो. संकुलाची वाट बाराव्या शाफ्टच्या प्रांगणातून सुरू न करता, माणसे ज्या बाजूने खाली उतरत त्या बाजूने सुरू करावी. इमारतींना हातही न लावता केवळ वाटेचे तोंड बदलून हे करता येईल.