शब्दचर्चा: 'व्यसनाचं प्रमाण' म्हणजे नेमकं कशाचं प्रमाण?

काना-मात्रा
आरोग्य-सर्वेक्षणांच्या मराठी अहवालांत 'प्रिव्हॅलन्स ऑफ सबस्टन्स यूज'ला सर्रास 'व्यसनाचं प्रमाण' म्हटलेलं दिसतं. 'इन्सिडन्स'लाही 'प्रमाण'च. दोन्ही एकाच परिच्छेदात आले की पंचाईत. शिवाय 'डिपेंडन्स', 'टॉलरन्स', 'क्रेव्हिंग' यांना काय म्हणायचं?

आकडेमोड
'व्यसनाचं प्रमाण' यातले दोन्ही शब्द चुकलेत. आधी 'प्रमाण' बघू.

प्रिव्हॅलन्समध्ये ठरलेल्या वेळी असलेले सगळे मोजतात, जुने आणि नवे. इन्सिडन्समध्ये त्या मुदतीत नव्याने भर पडलेलेच, आणि भागायचं तेही आधी ज्यांना तो विकार नव्हता त्यांच्या संख्येनं. पहिल्याला 'व्याप्ती' आणि दुसऱ्याला 'नवोद्भव दर' म्हटलं की गोंधळ मिटतो. 'प्रादुर्भाव' टाळा, त्यात साथ अचानक आल्याचा ध्वनी आहे.

परिस्थिती स्थिर असेल तर व्याप्ती साधारण नवोद्भव दर गुणिले सरासरी मुदत एवढी येते. वर्षाला 1000 मागे 5 नवे आणि विकार सरासरी 10 वर्षं टिकणारा, तर व्याप्ती 1000 मागे 50. म्हणून नालोक्सोनसारख्या औषधामुळे ओपिऑइडच्या (हेरॉइनसारख्या अफूवर्गीय पदार्थांच्या) अतिमात्रेनं मरणारे वाचले, तर नवा माणूस एकही न वाढता व्याप्ती वाढते. बातमीत मात्र 'व्यसन वाढलं' असं छापून येतं.

व्याप्तीला काळाची शेपूट हवीच: आयुष्यात कधीतरी, गेल्या 12 महिन्यांत, गेल्या 30 दिवसांत. शेपूट नसलेला आकडा दुसऱ्या आकड्याशी ताडून बघता येत नाही.

टाक-दौत
काळावरून एक व्याकरणाचा मुद्दा. 'तुम्ही दारू पिता का?' हा साधा वर्तमानकाळ आहे, पण तो सवयीबद्दल विचारतो. महिन्यातून एकदा घेणारा माणूस 'नाही, मी पीत नाही' म्हणेल, आणि मराठीच्या दृष्टीनं तो खोटं बोलत नाही. आकडा मात्र खाली येतो. प्रश्न पायरीपायरीनं हवा: आयुष्यात एकदा तरी घेतली आहे का? हो, तर गेल्या 12 महिन्यांत? हो, तर गेल्या 30 दिवसांपैकी किती दिवस? आणि नुसतं 'दारू' न म्हणता बिअर, वाइन वगैरे एकेक नाव घेऊन विचारावं. बिअरला दारू न मानणारे पुष्कळ असतात.

'अमली पदार्थ'चीही हीच गत. 'दारूचा अंमल चढला' आणि 'राजाचा अंमल' यांतला अंमल एकच, मूळ अरबी. त्या हिशेबानं दारू अमलीच ठरते. पण आजच्या वापरात अमली पदार्थ म्हणजे गांजा, अफू, हेरॉइन. त्यात दारू येत नाही, तंबाखू येत नाही, झोपेच्या गोळ्या तर नाहीतच. 'सबस्टन्स'साठी मी 'नशेचे पदार्थ' लिहून कंसात यादी देईन, जरी तंबाखूला 'नशेचा' म्हणताना लोक कुरकुरतात.

आकडेमोड
किती घेता, हेही तसंच. 'ग्लास' किंवा 'पेग' हे माप नाही. मिलिलिटर × टक्के ÷ 100 × 0.789 (अल्कोहोलची घनता) केलं की शुद्ध अल्कोहोल ग्रॅममध्ये मिळतं. 5 टक्क्यांची 330 मिलि बिअर म्हणजे 13 ग्रॅम, 12 टक्क्यांची 750 मिलि वाइनची बाटली म्हणजे 71 ग्रॅम. 'स्टँडर्ड ड्रिंक' अमेरिकेत 14 ग्रॅमचं, ब्रिटनचं 'युनिट' 8 ग्रॅमचं. त्यामुळे 'दोन ड्रिंक' असं भाषांतर करणं म्हणजे 28 की 16 हे वाचणाऱ्यावर सोडून देणं. ग्रॅमच लिहा. जागतिक आरोग्य संघटनेची 'एका बैठकीत अति मद्यपान' ही व्याख्याही ग्रॅमातच आहे: गेल्या 30 दिवसांत किमान एकदा, एका वेळी 60 ग्रॅम किंवा जास्त.

काना-मात्रा
आणि 'व्यसन'? तो शब्द का चुकला?

टाक-दौत
संस्कृतात 'व्यसन' म्हणजे संकट, आणि संकटात नेणारी आसक्तीही. मनुस्मृतीत 18 व्यसनं आहेत. मद्यपान त्यांतलं एक, बाकीच्यांत शिकार, जुगार, चहाडी, एवढंच काय दिवसा झोपणंही. मराठीत वाचनाचंही व्यसन असतं. शब्दाचा पसारा एवढा मोठा की त्यानं काही मोजता येत नाही.

आकडेमोड
मोजणीच्या बाजूनं सांगायचं तर वापर, हानिकारक वापर, अवलंबित्व आणि विकार हे वेगवेगळे गट आहेत. वर्षातून दोनदा घेणारा पहिल्या गटात बसतो, त्याला व्यसनी म्हणणं चूक.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीनं 1964 मध्येच 'ॲडिक्शन' (व्यसन) आणि 'हॅबिच्युएशन' (सवय जडणं) हे दोन्ही शब्द सोडून 'डिपेंडन्स' (अवलंबित्व) सुचवला. अमेरिकी मनोविकार वर्गीकरणाच्या चौथ्या आवृत्तीत (1994) 'अब्यूज'साठी (गैरवापर) 4 पैकी 1 आणि 'डिपेंडन्स'साठी 7 पैकी 3 निकष लागत. ज्यांच्यात डिपेंडन्सचे दोनच निकष भरत आणि अब्यूजचा एकही नसे, ते कुठल्याच खान्यात बसत नसत. त्यांना चक्क 'निदान-अनाथ' म्हणत. 2013 च्या पाचव्या आवृत्तीनं दोन्ही खाने एकत्र करून 'वापर-विकार' केला. कायद्याच्या कटकटींचा निकष गेला, तलफेचा आला, एकूण 11 राहिले. 12 महिन्यांत 2-3 भरले तर सौम्य, 4-5 मध्यम, 6 किंवा जास्त तर तीव्र. याचा अर्थ 2013 आधीचं 'अवलंबित्व' आणि नंतरचा 'विकार' एकाच आलेखावर जोडता येत नाहीत.

काना-मात्रा
'तलफ'! क्रेव्हिंगला इतका नेमका शब्द घरात असताना 'तीव्र लालसा' कशाला लिहितात कोण जाणे.

टाक-दौत
'टॉलरन्स'लाही आहे. 'सहनशीलता' म्हणजे सद्गुण वाटतो, 'अंगवळणी पडणं' चपखल बसतं. पूर्वीइतक्याच मात्रेनं पूर्वीइतकी झिंग येत नाही, हा अर्थ प्रश्नात उलगडून लिहावा. 'आता जास्त पचते का?' असं विचारलं तर लोक फुशारकीनं 'हो' म्हणतात. किशोरवयीनांत हा निकष फाजील मोजला जातो, कारण नवशिक्याची मात्रा थोडी तरी वाढतेच.

आकडेमोड
आणखी एक, माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक: 'स्क्रीनिंग'ला 'निदान' म्हणणं. स्क्रीनिंग म्हणजे चाळणी. मद्यासाठीच्या 'ऑडिट' प्रश्नावलीत 10 प्रश्न, 0 ते 40 गुण, 8 किंवा जास्त म्हणजे धोक्याचं पिणं. नैराश्याच्या 'पीएचक्यू-9'मध्ये 0 ते 27 गुण, 10 किंवा जास्त आले तर पुढं तपासायचं. दोन्हींत निदान होत नाही.

1000 लोक घ्या, खरे विकारग्रस्त 50. चाळणी 100 पैकी 80 विकारग्रस्त पकडते आणि 100 पैकी 90 निरोगी सोडून देते. सापडले 40 खरे. पण 950 निरोग्यांतले 95 चुकून अडकले. एकूण 135. अहवालात '13.5 टक्के' छापलं जातं, खरी व्याप्ती 5 टक्के. दुरुस्ती सोपी आहे, 0.135 हा सापडलेल्यांचा वाटा, 0.80 विकारग्रस्त पकडण्याचा आणि 0.90 निरोगी सोडण्याचा: (0.135 + 0.90 − 1) भागिले (0.80 + 0.90 − 1), म्हणजे 0.035 ÷ 0.70 = 0.05.

काना-मात्रा
मग चाळणीच्या अहवालात 'नैराश्यग्रस्त' न म्हणता 'चाळणीत सापडलेले' म्हणावं?

आकडेमोड
तेच. किंवा 'नैराश्याची लक्षणं नोंदवणारे'.

टाक-दौत
आणि लक्षण विचारताना 'उदासीन' नको. मराठीत उदासीन म्हणजे ज्याला सोयरसुतक नाही तो. 'उदास' किंवा 'मन खचल्यासारखं' बरं.

काना-मात्रा
'कोमॉर्बिडिटी'ला, म्हणजे एकाच माणसाला एकाहून जास्त विकार असण्याला, 'सहव्याधी' ठीक? 'दुहेरी निदान'ही दिसतं.

आकडेमोड
सहव्याधी. 'दुहेरी निदान'मुळे दोनच आजार असतात असं वाटतं. पण आकडा रुग्णालयातला की घरोघरीचा, हे लिहा. दोन विकार असलेला माणूस कुठल्याही एकासाठी दवाखान्यात पोचू शकतो, म्हणून तिथं सहव्याधी फुगलेली दिसते. बर्कसन या संख्याशास्त्रज्ञानं 1946 मध्ये हा दोष मांडला. आधी काय झालं, हेही 'सह'मधून कळत नाही. दारूनंच आणलेली उदासी बहुधा सोडल्यावर काही आठवड्यांत ओसरते, साधारण महिनाभरानंतरही टिकली तर वेगळ्या विकाराचा विचार करतात. सर्वेक्षणात तेवढी उलटतपासणी क्वचितच होते.

काना-मात्रा
शेवटचा: 'रिलॅप्स', म्हणजे बरा झालेला विकार परत येणं? 'पुनःपतन' वाचून अंगावर काटा येतो.

टाक-दौत
'ताप उलटला' म्हणतो ना आपण? 'विकार उलटणं'. आणि सोडल्यावर एखाद्या दिवशी घेतली, पण पुढं थांबली, तर ते 'घसरणं'. प्रश्नावलीत दोन्हींना वेगळे रकाने ठेवा.

आकडेमोड
सहमत. त्यांच्या शेजारी 'उपशम' (विकार ओसरलेला असण्याचा काळ) हाही ठेवा. 3 महिने तलफेखेरीज एकही निकष नसेल तर तो सुरुवातीचा, 12 महिने झाले तर टिकलेला. तलफ उरली तरी उपशम मोडत नाही, म्हणून तिथं 'व्यसनमुक्त' लिहू नका.